तपासणीपुरता उपास

मास्तरांचा गिऱ्हाइकांवर एकच राग होता. माप देताना माणसं पोट आत ओढतात आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून भांडायला येतात. शिलाईच्या दुकानात चाळीस वर्षं त्यांनी अशा प्रत्येकाला सुनावलं, "श्वास सोडा साहेब. शर्ट तुम्हाला घालायचाय, टेपला नाही."

आणि स्वतः? उपाशीपोटी साखर तपासायची म्हणजे आठ-दहा तास पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, एवढंच. मास्तर दोन दिवस आधीपासूनच जेवण सोडायचे. आकडा एकशे दहाच्या आसपास यायचा. शंभराच्या आत हवा आणि एकशे पंचवीसच्या वर गेला तर खैर नाही, हे त्यांना पाठ होतं. मधल्या जागेत ते खुशाल बसले. रिपोर्ट बायकोपुढे नाचवायचा, की लगेच तीन चमचे साखरेचा चहा सुरू, दिवसातून सहा वेळा. मधुमेहाच्या गोळ्याही त्यांनी परस्पर अर्ध्यावर आणल्या.

"अहो, पोट आत ओढून माप देताय तुम्ही," बायको म्हणायची.

"आकडा काय खोटं बोलतो?"

वाईट याचंच वाटतं, की आकडा खोटं बोलत नव्हता. तो त्या एका सकाळचं सांगत होता, आणि मास्तरांना तेवढंच ऐकायचं होतं.

एके दुपारी बायकोला दुकानाच्या फरशीवर रक्ताचे डाग दिसले. मास्तर अनवाणी पायांनी मशीन चालवत होते. उजव्या तळव्यात टाचणी टोपीपर्यंत रुतली होती, भोवतीचं मांस काळं पडलं होतं. दोन-तीन दिवस तरी झाले असावेत. मास्तरांना पत्ताच नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी या वेळी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली. कागद बघून त्यांनी मास्तरांचा उजवा पाय जवळ ओढून घेतला. मास्तर घाबरले होते. उजवा पाय गेला की मशीन गेलं, आणि मशीन गेलं की ते मास्तर कसले!

"पायात जाणीव किती उरलीय ते बघू," त्या म्हणाल्या. "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

मास्तरांनी डोळे घट्ट मिटले.

"हो," ते म्हणाले. जरा थांबून पुन्हा, "हो, कळतंय."

डॉक्टरीणबाईंनी अजून सुई उचललीच नव्हती. बायकोनं मास्तरांचा हात धरला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आता तरी खरं सांगा."