नानांनी उघडा ठेवलेला नंबर

नाना कोड तपासायला बसले की आधी 'पब्लिक' हा शब्द शोधायचे. सापडला की चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "कोन्ही मांगेल शे का?" कोणी मागितलंय का! नसेल मागितलं तर 'प्रायव्हेट' करायचं, विषय संपला.

पिंप्राळ्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात व्यापाऱ्यांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर बनतं. नाना आमच्यात वडीलधारे. एकदा एका दुकानाचा साठा उणे दाखवायला लागला. आधीच्या कुणीतरी तो आकडा पब्लिक ठेवला होता. म्हणजे प्रोग्रॅममध्ये कुठूनही या आणि बदला. "मग करू ना प्रायव्हेट," म्हणत मी केलासुद्धा. स्क्रीनभर चुकांच्या लाल रेघा! नाना हसले. "उघडं टाकलेलं नंतर बंद होत नाही, पोरी. तोवर कोणीतरी त्यावर टेकलेलं असतं. आकडा आत ठेवायचा, बाहेर एक दार द्यायचं. आवक-जावक काय ती दारातूनच." मग ते सगळं त्यांनी एकट्याने निस्तरलं.

आणि हाच माणूस स्वतःचा मोबाईल नंबर जळगावपासून धुळ्यापर्यंत दुकानोदुकानी वाटून बसलेला! जेवताना फोन. पद्मालयाला गणपतीपुढे हात जोडले की फोन. छातीचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली, तरी फोन. नानांची बायको, आमच्या काकू, कातावायच्या. नाना म्हणायचे, "ऱ्हाऊ दे व, त्यानं काम अडेल शे." त्याचं काम अडलंय म्हणे! मीही भांडले, "नाना, नंबर बदला. आम्ही मेलोय का ऑफिसात?" त्यांनी थकून डोळे मिटले. "आते काय बंद करशी? बठ्ठा टेकेल शेतस." सगळेच टेकलेत!

नाना गेले. तेराव्याला काकूंनी तो फोन माझ्या हातात दिला. "तू ठेव, माय. मला नाही ऐकवत." तेवढ्यात तो वाजलाच. धुळ्याचे एक शेठ. "नाना, बिल निघत नाही हो!"

सांगावं लागलं. पलीकडे शेठ फोन ठेवायला निघाले. मग मी विचारलं, "बोला, स्क्रीनवर काय दिसतंय?" बिल निघालं. शेठ म्हणाले, "ताई, आता तुमचा नंबर द्या ना."

अगदी ओठांवर आला होता. मी ऑफिसचा दिला. "दहा ते सहा, शेठ. कोणीतरी नक्की उचलेल."

काकू दारात उभ्या होत्या. "एवढं त्यांना शिकवायचं होतंस गं."

"त्यांनीच शिकवलं, काकू," मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरेना.