न बांधलेली नस

मी दशरथ. अंधेरीच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचा शिपाई. गिरणी सुटल्यावर इथे लागलो. बेडूक आणायचे, कागदाला काजळी धरायची, तिच्यावर उमटलेल्या रेघांना व्हार्निश द्यायचं, ही माझी कामं. कुणी उगाच शहाणपणा केलेला मला खपत नाही, आणि सगळ्यात मोठा शहाणपणा मीच केला.

सन छप्पन्न संपत आलं होतं. उत्तराबाई संशोधन करायला बोरिवलीहून यायच्या, वय बावीस. वेखंडाच्या अर्काने नस बधिर होते का, हे त्यांना शोधायचं होतं. बेडकाच्या पायाची नस अर्कात बुडवायची, तिला विजेचा हलका झटका द्यायचा. पाय हलला की काजळीवर रेघ उमटायची. अर्कात बुडवूनही रेघ उमटतच होती, म्हणजे नस बधिर होत नाही असं दिसत होतं. जानेवारीत त्यांचे मार्गदर्शक सर हे काम कलकत्त्याच्या परिषदेत मांडणार होते. त्यावर बाईंची फेलोशिप ठरणार होती. ती हुकली तर शिक्षण बंद आणि लग्न, असं वडिलांनी बजावलं होतं.

सरांचा एक नियम होता. रोज आधी एका बेडकाची नस ओल्या दोऱ्याने करकचून बांधून बघायची. मग झटका पुढे जात नाही, पाय हलता कामा नये. हललाच, तर वीज नसेतून नाही, भोवतीच्या ओलाव्यातून गळतेय; सगळ्या रेघा खोट्या. पण थंडीत पवईला तळ्याकाठी बेडूक मिळेनात. सकाळभर चिखल तुडवून कसेबसे तीन हाती लागायचे. मीच म्हणालो, "बाई, त्या दोऱ्यापायी रोज एक बेडूक कशाला वाया घालवता? यंत्र तेच, टेबल तेच." त्यांनी ऐकलं. दोन महिने दोरा बांधलाच नाही.

सर निघायच्या आदल्या दिवशी एक बेडूक उरला. बाईंना चैन पडेना. त्यांनी नस बांधली, झटका दिला. पाय ताडकन हलला. दोरा आणखी आवळला. पुन्हा हलला. बाई पांढऱ्याफटक पडल्या.

"टाकून द्या तो," मी म्हणालो. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," त्या म्हणाल्या, आणि तशाच सरांच्या खोलीकडे निघाल्या. असा राग आला मला, काय सांगू! पोरगी आपल्या हाताने आपली वाट लावायला निघाली होती. मी मागोमाग गेलो.

सरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून ठेवला. "रोज बांधत होतीस ना?"

"नाही सर. दोन महिने नाही."

"कुणी सांगितलं तुला असं करायला?"

मी दारातच उभा होतो. बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "कुणी नाही. माझीच चूक आहे," त्या म्हणाल्या. माझी नोकरी कच्ची होती, घरी चार तोंडं खाणारी. मी दारातून हळूच मागे फिरलो.

सर कलकत्त्याला गेलेच नाहीत. फेलोशिप दुसऱ्याला मिळाली. बाईंनी वडिलांशी भांडून एक वर्ष मागून घेतलं आणि विजेची गळती बंद करून सगळे प्रयोग पहिल्यापासून केले, रोज दोरा बांधून. नस चांगली बधिर होत होती. आधीचं सगळं साफ उलटं निघालं.

काम छापून आलं तेव्हा त्यांनी मला बोलावलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून इंग्रजीतलं मराठीत सांगितलं: काळजीपूर्वक केलेल्या मदतीबद्दल दशरथ यांचे आभार. मला शरमेने तिथे उभं राहवेना. "ते नाव खोडा, बाई," मी म्हणालो.

"छापलंय, दशरथदादा. आता खोडता येत नाही."