खाऱ्या पाण्यातलं पान

चार माणसं एका ओट्यावर वर्षानुवर्षं बसली की किस्से आपोआप साठतात. फडताळातल्या जुन्या भांड्यांसारखे, टाकवतही नाहीत आणि कोणी आलं की काढून दाखवावेसे वाटतात. आमचा ओटा ठाण्यात, तळ्याजवळ, विनायक डॉक्टरांचा. रविवारी दुपारी मी शाळामास्तर आणि बापूराव वकील तिथे जायचो. डॉक्टरांनी मुंबईहून पितळी मायक्रोस्कोप आणला होता, त्याचं आम्हाला वेड लागलं होतं.

कोपऱ्यात डॉक्टरांचे वडील, नाना, तपकीर ओढत बसायचे. आणि दाराआड यमू असायची, डॉक्टरांची धाकटी बहीण. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच विधवेच्या लाल आलवणात माहेरी परत आलेली. डॉक्टरांना तिला पुण्याला शिकायला पाठवायचं होतं, शिक्षिका करायचं होतं. नाना एवढंच म्हणत, "मी आहे तोवर नाही." बापलेकांत त्यावरून बोलणं जवळजवळ बंद होतं, आणि जे काही होई ते मायक्रोस्कोपच्या निमित्तानं. हे आधी सांगायलाच हवं.

* * *

पहिला किस्सा कांद्याचा. पेशी पाहायची तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी सोय नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. पण ऐन चातुर्मास, कांदा घरात येणार कसा? प्रकरण नानांपुढे गेलं. नानांनी बराच विचार केला.

"खायचा नाही, हे खरं. पाहायचा नाही, असं कुठे सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "पण जो पाहील त्यानं आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही."

मायक्रोस्कोप ओट्याच्या कडेला आला. भिंतीतल्या विटांसारख्या एकाला एक लागलेल्या पेशी आम्ही डोळे भरून पाहिल्या. बापूरावांचं एकदा पाहून समाधान होईना. पाहायचं, विहिरीवर जायचं, आत येऊन बसायचं, की परत पाहावंसं वाटायचं. संध्याकाळी ते शिंकत घरी गेले.

* * *

त्याच कांद्यात बापूरावांना प्रत्येक पेशीत एक ठिपका दिसला होता. "डॉक्टर, हे प्रत्येक घरात कोण बसलंय?"

"ते केंद्र. पेशीचा सगळा कारभार त्याच्याकडे."

"आणि तेच काढून टाकलं तर?" हे नाना. कोपऱ्यातून.

"पेशी फार दिवस जगत नाही."

नानांनी समाधानानं चिमूटभर तपकीर ओढली. डॉक्टर खाली मान घालून काच पुसत राहिले. दाराआड बांगड्यांचा आवाज व्हायचा प्रश्नच नव्हता, पण कोणीतरी आत गेलं, ते मला कळलं.

* * *

मग तळ्यातली पाणवनस्पती आली. तिचं पान इतकं पातळ, की तसंच काचेवर ठेवता येई. आत हिरवे कण पेशीच्या कडेकडेनं गोल फिरताना दिसत. नानांनी प्रथमच डोळा लावला, तो बराच वेळ काढला नाही.

"अरे विनू, हे प्रदक्षिणा घालतंय."

"कण नुसते वाहताहेत, नाना. त्यांना फिरवतो तो आतला रस. तो जिवंत आहे."

नानांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बघतात तर पान नाही, काच नाही. नाना पहाटे स्नान करून सगळं तळ्यात सोडून आले होते.

"जिवंत आहे म्हणालास ना?" ते म्हणाले. डॉक्टरांना मुंबईहून नव्या काचा मागवाव्या लागल्या.

* * *

आता शेवटचा. कोलशेतच्या मिठागरावरचा कमळ्या पाटील डॉक्टरांचा रोगी होता. त्याच्याकडून डॉक्टरांनी तिथलं पाणी मागवलं. बाटली ठेवताना कमळ्या म्हणाला, "यो आगराचा पानी हाय, दाक्तर. ह्याच्यान काय बी जगत नाय."

डॉक्टरांनी ते थोडं पातळ केलं आणि एक थेंब त्याच पाणवनस्पतीच्या नव्या पानावर सोडला. मायक्रोस्कोपपाशी तेव्हा नाना होते. आता त्यांचाच मान पहिला असे.

"विनू, हे थांबलं रे." त्यांचा आवाज बदलला. "सगळं आक्रसून मधे गोळा झालंय. मेलं."

"नाही, नाना. भिंत आहे तशीच आहे. आतला जीव तेवढा भिंत सोडून अंग चोरून बसलाय. त्याच्यातलं पाणी मिठानं ओढून घेतलं."

"मग आता?"

"वेळेवर गोड पाणी मिळालं, तर परत भरेल."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर मग नाही."

नानांनी पुन्हा एकदा डोळा लावून पाहिलं. बापूरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी तळ्याकडे. मग नानांनी हाक मारली.

"यमे, गडूभर पाणी घेऊन बाहेर ये."

आलवण नेसल्यापासून ती आमच्यासमोर ओट्यावर कधी आली नव्हती. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती उंबऱ्यात उभी राहिली. नाना स्वतःच्या जागेवरून उठले.

"इथे बस. तू घाल."

डॉक्टरांनी एका बाजूनं टीपकागद लावून खारं पाणी टिपून घेतलं, दुसऱ्या बाजूनं तिनं थेंब थेंब पाणी सोडलं. मग डोळा लावून बसली.

"नाना," ती हळूच म्हणाली, "भरलं. फिरायला लागलंय."

नानांनी तपकिरीची डबी उघडली, तशीच मिटली.

"विनू," ते म्हणाले, "कल्याणला पुण्याची गाडी किती वाजता येते रे?"