काचेवर चढलेल्या अळ्या

आठ दिवस झाले, एकच प्रश्न मनातून जात नाही: धाकटीने मॅडमना खरं सांगितलं असेल का? नसेल, तर ते माझ्यामुळे.

धाकटी लेक प्रयोगशाळेत या मॅडमच्या हाताखाली साहाय्यक आहे. पिकल्या केळ्यांवर घोंघावतात ती चिलटं ती बाटल्यांत वाढवते. "लोकांच्या मुली माशा मारतात, आपली पाळते," असं तिचे बाबा म्हणतात.

खोड जुनीच. शाळेत असताना मटारातली अळी काडेपेटीत घालून घेऊन गेली होती. अळी बाकावर फिरताना दिसली. बाईंनी "कुणाची ही?" विचारताच हिने हात वर केला आणि तासभर बाहेर उभी राहिली.

आता काम असं: अंडं, अळी, कोष, माशी, प्रत्येक टप्प्यावर पिष्ट पचवणारं एन्झाइम किती जोरात चालतं ते बघायचं. तीस अळ्या वाटायच्या, तो रस पिठाच्या पाण्यात घालायचा, वर आयोडीनचा थेंब, की पाणी निळं. एन्झाइम दमदार असेल तर निळा रंग उडतो. हिच्या अळ्यांचा रंग उडतच नव्हता. दिवसभर चरणारी अळी, आणि पचवायला काहीच नाही? मॅडमना वाटलं, काहीतरी नवीन हाती लागलं. परिषदेत सांगायचंही ठरलं.

हे ऐकून मला राहवेना. मीही बरणीत केळं ठेवलं, चिलटं येऊन गेल्यावर तोंडाला फडकं बांधलं. "आता मायलेकी दोघी!" हे म्हणाले. आठवड्याभराने मी फोनवर विचारलं, "काय गं, काही अळ्या केळं सोडून काचेवर चढून बसल्यात. जेवत का नाहीत?"

"त्या आता कोषात जाणार, आई. त्याआधी खाणं सुटतं त्यांचं." मग एकदम म्हणाली, "थांब, थांब."

"अगं, काय झालं?"

"आई, मी त्याच उचलत होते. आतल्या अळ्या लगद्यात लडबडलेल्या असतात, धुवत बसावं लागतं. काचेवरच्या चिमट्याने स्वच्छ निघतात. तीन महिने मी उपाशी अळ्या वाटल्या."

"मग आता?"

"मॅडमना सांगायला हवं."

तिची नोकरी कंत्राटी. चूक कळली तर ती जायची. म्हटलं, "कुणाला कळणार आहे? गप्प बस."

"बरं," म्हणाली. तेव्हापासून फक्त मेसेज. "जेवले." "ठीक."

काल माझ्या बरणीतला एक कोष फुटला. चुरगळल्या पंखांची फिकट माशी बाहेर आली, तासाभरात पंख सरळ. कोषात तोंड बंद असताना त्या एन्झाइमचं काय होत असेल? पहिला घास खाल्ल्यावर ते लगेच जागं होतं का? मला खरंच जाणून घ्यायचंय. पण अळीचा आकडाच खोटा असेल, तर पुढचे कशाशी ताडून बघणार?

परिषद परवा आहे. वर्गात एकटीने हात वर करणाऱ्या मुलीला मी गप्प बसवलं.

ती सकाळी सातला घराबाहेर पडते. उद्या साडेसहाला फोन करणार आहे. "जेवलीस का" नाही विचारणार. आधी म्हणेन, माझं चुकलं. मग म्हणेन, आजच मॅडमना सांग. आणि ठेवण्याआधी एवढंच विचारेन, खाणाऱ्या अळ्यांचा निळा रंग किती वेळात उडतो गं?