बोलायची बंदी

घसा बसला तेव्हा काढा, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या, सगळं करून झालं. शेवटी नगरच्या डॉक्टरांनी घसा तपासला आणि सांगितलं, "बाई, आता महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही." जन्मभर शाळेत पोरांना गप्प बसवलेल्या मला हे मुकाट्यानं ऐकून घ्यावं लागलं.

भेटायला आलेले आमच्या चर्चचे पाळक तर डॉक्टरांच्या वरताण निघाले. म्हणाले, "देव आपल्या लेकरांना शिस्त लावतो, बाई. ही त्याचीच आज्ञा समजा आणि पाळा." चहा माझा प्यायचा आणि उपदेशही मलाच. मी बोलण्याऐवजी हाताशी ठेवलेल्या छोट्या पाटीवर लिहिलं, 'बाकीची मंडळी दिसली नाहीत का त्याला?' ते हसले. मला हसू आलं नाही. अर्धी मंडळी उपासनेत पेंगते, त्यांना सोडून देवाला शिस्त लावायला सगळ्या केडगावात मीच सापडले.

खरी पंचाईत झाली ती संध्याकाळच्या प्रार्थनेची. आमच्याकडे दिवेलागणीला घरची प्रार्थना होते आणि लग्न झाल्यापासून ती मीच करत आले. मिस्टर श्रीगोंद्याकडचे, साखर कारखान्यात मशीनवर हयात गेलेली. त्यांनी कधी प्रार्थनेला तोंड उघडलंच, तर दोन शब्दांनंतर अडखळायचे आणि पुढचं मी पुरं करून टाकायची. आता पाटीवर प्रार्थना कशी करणार? मी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी डोळे घट्ट मिटले. मग म्हणाले, "देवा, आमी जेवलो, त्याबद्दल आभार." जेवण अजून चुलीवर होतं. मी हात वर केला, पण चूक दुरुस्त कशानं करणार? रोज असंच चाललं. देवाला ते गावाकडच्या पावसाची बातमी सांगत, कारखान्यातल्या जुन्या सोबत्याच्या गुडघ्याची चौकशी करत. मी दातओठ खात बसायची.

आणि एका संध्याकाळी ते म्हणाले, "देवा, पोराला घरी आन. त्याला चर्चला पाठव असं मी न्हाई म्हनत, ते आमची ही म्हनती. तू त्याला नुसता जेवायला पाठव."

पोरगा पुण्यात नोकरीला. रविवारी चर्चला जात नाही म्हणून फोनवर मी त्याला धारेवर धरायची. हळूहळू फोन बंद झाले. मागच्या नाताळालाही आला नाही. माझं म्हणणं चूक होतं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही फारसं वाटत नाही. पण डोळे उघडून पाहिलं तर मिस्टरांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. इतकी वर्षं माझ्या लांबलचक प्रार्थनांत या माणसाला एवढंसं मागायलाही जागा मिळाली नव्हती. मला रडू आलं आणि देवाचा रागही आला. एवढंच सांगायचं होतं, तर त्यासाठी माझा घसा कशाला धरायचा?

मिस्टरांनी पोराला माझं दुखणं कळवलं आणि तो आला. आला तोही नेमका रविवारी सकाळी. मी पांढरी साडी नेसून, बायबल घेऊन फाटकाशी उभी, चर्चला न्यायला रिक्षा यायची होती. रिक्षा आली आणि तिच्यातून हाच उतरला, पाठीवर बॅग. "आई, कशी आहेस?" म्हणाला आणि खाली मान घालून उभा राहिला, आता बोलणी खायची आहेत अशा तयारीनं.

यायला तुला हीच वेळ सापडली का, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. डॉक्टरांची बंदी अजून संपली नव्हती. मी पर्समधून पाटी काढली आणि लिहिलं, 'आज रविवार आहे.'

त्यानं वाचलं. "माहीत आहे," म्हणाला आणि रिक्षावाल्याकडे वळून पाहू लागला.

मी पदरानं पाटी पुसली. पुन्हा लिहिलं, 'काही खाल्लंस का?'

त्यानं पाटी हातात घेतली. ते तीन शब्द वाचले. मग लहानपणी म्हणायचा तसं म्हणाला, "नाही."

मी रिक्षावाल्याला हातानंच जा म्हणून सांगितलं. मागे मिस्टर चर्चसाठी घातलेले बूट काढत होते. वाकल्या वाकल्याच ते म्हणाले, "आमेन."