जमीन त्यांची, मोह माझा

मला राग लवकर येतो. सासूबाई म्हणायच्या, हिच्या नाकावर माशी बसली तर माशीचंच काही खरं नाही. पण सरकारची खुंटी मी जाळली ती रागानं नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

सिंदेवाहीपासून आत, बैलगाडीच्या वाटेवर आमचं गाव. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मिळून चांदा जिल्हाच. घरधनी माजरीला कोळशाच्या खाणीत होते, सणावारालाच यायचे. घरी मी, सासूबाई आणि धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा. तिच्यातलं धान वर्षभर कधीच पुरलं नाही. उरलेलं साल आम्हाला मोह पोसायचा. फुलं वाळवून ठेवायची, पावसाळ्यात उकडून खायची, बियांचं तेल काढायचं. तो मोह उभा होता शेजारच्या शेतकरीभाऊंच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. आजेसासऱ्यांनी ती जमीन भाऊंच्या वडिलांना विकली होती, मोह विकला नव्हता. आमच्याकडे असंच चालतं. जमीन एकाची, तिच्यावरचा मोह दुसऱ्याचा, आणि कोणी कोणाच्या झाडाखालचं फूल उचलत नाही. कागद कुठेच नाही. फुलं गळायच्या आधी झाडाखाली झाडून जो पाचोळा पेटवतो, त्याचं झाड.

त्या वर्षी कोळशावर तयार होणारी वीज लांबच्या गावांना न्यायची म्हणून मोजणी झाली. माणसं साखळी ओढत आली आणि लाल डोक्याच्या खुंट्या ठोकत गेली. एक खुंटी आमच्या मोहाखाली आली. विजेच्या लाईनची रेघ तिथूनच जाणार, म्हणजे झाड तुटणार. नोटीस जमिनीचे मालक म्हणून भाऊंना मिळाली, त्यांनी अंगठा दिला. मला कोण विचारतो?

फाल्गुन सरला तसा मी खराटा घेतला. मोहाखाली झाडायचं म्हणजे एक काडी ठेवायची नाही, नाहीतर फूल अडकतं, कुजतं. खुंटी हलवली तर निघाली. पाचोळ्यावर टाकली, काडी लावली. आमच्या गावातल्या कोणत्याही बाईनं हेच केलं असतं.

आठवड्याभरात कोतवाल दारात उभा.

"बाई, तहसिलीत बलावलं हाय. सरकारी खुंटी जाळली म्हणते तुमी."

"जाळली. मंग?"

"मंग काय, पेशी हाय!"

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी शहाणी कधीच नव्हते, त्यामुळे त्या म्हणीची मला भीती नव्हती. भीती होती ती भाऊंची. खुंटी त्यांच्या जमिनीतली, म्हणून त्यांनाही साक्षीला बोलावलं होतं. बांधीच्या पाण्यावरून आमचं दरवर्षी वाजायचं, आणि गेल्या पावसाळ्यापासून तर बोलणंही बंद होतं. त्यांनी "झाड माझं" एवढे दोन शब्द म्हटले की मोह गेला, भरपाई त्यांची, आणि आम्ही पावसाळ्यात काय खायचं ते आम्ही बघायचं.

कचेरीत तहसीलदार साहेब नवे होते, घाटावरचे. बाजूला लाईनचे इंजिनीअर बसले होते.

"दुसऱ्याच्या शेतात जाऊन सरकारी खुंटी का उपटली?" साहेबांनी विचारलं.

"दुसऱ्याच्या शेतात नाई साहेब. माह्या झाडाखाली."

"झाड तुमचं, याला पुरावा काय?"

"तुमच्याच कागदात लिवलं हाय ना, बाई झाडाखाली झाडून राह्यली होती म्हणून. दुसऱ्याच्या मोहाखाली कोणी काऊन झाडंन?"

साहेबांना काही उलगडलं नाही. ते भाऊंकडे वळले. भाऊ खांद्यावरचा दुपट्टा नीट करत राहिले.

"जमीन माही हाय साहेब," भाऊ म्हणाले. "मोह बाईचा."

"मग अंगठा देताना का नाही सांगितलंत?"

"जमिनीचं इचारलं, जमिनीचं सांगतलं. माहे सोताचे मोह लोकाइच्या धुऱ्यावर हायेत. आज हिचा माहा म्हटला, तं उद्या माहे कोणाचे?"

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पाण्याचं भांडण मात्र मी पुढेही सोडलं नाही, ते वेगळं.

इंजिनीअर वैतागले. "एका झाडासाठी लाईन वाकवायची? वळणावर जाड टॉवर लागतो, लोखंड जास्त लागतं. ही लाईन कर्जाच्या पैशावर उभी राहतेय. सरळ रेघ स्वस्त पडते."

"कोणाले सस्ती पडते साहेब?" मी म्हटलं. "झाड माहं जाते अन् बचत तुमची होते. मंग थे बचत माह्याच घरातून आली ना?"

साहेबांनी हातातला टाक खाली ठेवला. मग म्हणाले, ज्यांची झाडं आहेत त्यांना वेगळी नोटीस द्यावी लागेल, या पट्ट्यातल्या प्रत्येकाला, आणि प्रत्येकाचं ऐकावं लागेल. इंजिनीअरांनी मनातल्या मनात हिशेब केला असावा. तोवर पाऊस लागणार, सामान स्टेशनावर गंजणार, मजूर बसून खाणार. जाड टॉवरच परवडला. लाईन गावाच्या चराईच्या रानावरून जंगलाकडे वळवायचं ठरलं आणि मला ताकीद देऊन सोडलं.

मी गावात शिरले ती लढाई जिंकून आल्यासारखी. घरधनी पुढच्या खेपेला आले तेव्हा म्हणाले, "उचलली जीभ लावली टाळ्याले! पण बरी लावली." त्यांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी होती.

पुढच्या वर्षी बाजारात जंगलातल्या पाड्यावरची एक गोंड बाई भेटली. दरसाल ती मोहफुलांची टोपली घेऊन बसायची. त्या दिवशी पुढ्यात नुसती थोडी चारोळी होती.

"फुलं काऊन नाई आणली, बाई?"

"झाडं तोडले ना. लाईन गेली तिथून."

माझ्या झाडापासून वळवलेली लाईन तिच्या झाडांवर गेली होती. नोटीस नाही, पेशी नाही. कागदावर ते जंगल, त्यामुळे तिथं विचारायला माणूसच नव्हता. तिच्या आज्यापणज्यांनी त्याच मोहाखाली पाचोळा पेटवला होता, पण ते कुठं लिहिलेलं होतं?

"तुहा वाचला म्हणते. बरं झालं," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते. मला भर बाजारात रडू आलं आणि रडण्याचा संताप आला.

"उठ," मी म्हटलं. "चाल माह्यासंग."

कचेरीत तहसीलदार साहेबांनी मला ओळखलं. सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. "वाईट झालं. पण ती जमीन जंगल खात्याची. माझ्या हातात नाही."

"मंग ज्याच्या हातात हाय त्याले बलवा."

"असं लगेच कोणी येत नसतं, बाई."

"येऊ द्या कवाई. आमी इथीच बसतो."

ती बिचारी कचेरीच्या ओसरीत अवघडून उभी होती, बसू की नको करत. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि शेजारी बसले. दिवस कलला. कचेरी बंद करायला शिपाई कुलूप घेऊन बाहेर आला, आमच्याकडे पाहिलं, आणि साहेबांना विचारायला परत आत गेला.