दोरा नसलेली शिवण

मास्तरांच्या शिलाई मशीनच्या आवाजावर गल्ली उठायची आणि त्याच आवाजावर दुपारची डुलकी घ्यायची. पायानं चालवायचं जुनं मशीन. त्याचा आवाज असा, की कुणी म्हातारं माणूस मनाशीच काही पुटपुटत बसलंय. मास्तरांच्या गळ्यात टेप, कानावर खडू, आणि शेजारी बुटक्या स्टुलावर बायको. काजं-गुंड्या तिच्याकडे. सुईत दोरा ओवणंही तिच्याचकडे. मास्तरांची नजर अधू झाल्यापासून नव्हे, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ती ओलं करी, सुईतून पार काढी आणि म्हणे, "हं, पळवा आता घोडं."

संध्याकाळी दुकान बंद करून दोघं तळ्याच्या कठड्यापर्यंत फिरायला जात. मास्तर लांब ढांगा टाकत पुढं, ती मागं.

"अगं, पाय उचल की जरा!"

"तुम्ही पोचा. मी येतेच आहे."

वर्षानुवर्षं हेच बोलणं. एका संध्याकाळी बेकरीच्या कोपऱ्यावर मास्तरांनी तशीच हाक मारली. उत्तर आलं नाही. वळून पाहतात तो ती रस्त्याच्या कडेला बसलेली, एक चप्पल पायातून निसटलेली. ती तिथून उठली नाही.

तिचे दिवस झाल्यावर मास्तर मशीनवर बसले. सुईत तिनंच ओवलेला दोरा होता. एका गिऱ्हाइकाची पँट शिवायला घेतली, आणि अर्ध्या शिवणीत तो दोरा संपला. सुई कापडातून वरखाली होत राहिली, मागं नुसती भोकं उमटत राहिली. मास्तरांनी पँट घडी करून ठेवली. मशीनला दुसरा दोरा घातला नाही. गिऱ्हाइकांना म्हणाले, हात धरलाय, शिवणं होत नाही.

मग एके दिवशी छातीत कळ आली. दूर शहरात नोकरी करणारी लेक धावत आली, दवाखाना झाला, गोळ्या झाल्या. निघताना तिनं बापाच्या हातात नवा फोन ठेवला.

"अण्णा, हा कायम खिशात ठेवायचा. तुम्ही चाललात की हा पावलं मोजतो. माझ्या फोनवर मला सगळं दिसतं."

"म्हणजे पोटच्या पोरीनं बापामागं हेर लावला."

"लावला! डॉक्टर म्हणालेत, रोज चाललंच पाहिजे. नाही चाललात, तर उचलून माझ्याकडे नेईन. घराला कुलूप आणि मशीन भंगारात."

शेवटचं ती हसत म्हणाली. मास्तर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चपला घालून ते उंबऱ्यापर्यंत गेले. गल्लीतून कुठंही जायचं तर बेकरीचा कोपरा ओलांडावा लागे. मास्तरांनी तो कोपरा पाहिला, आणि चपला काढून ठेवल्या.

संध्याकाळी फोन वाजला. "अण्णा, चाळीस पावलं? न्हाणीघराला प्रदक्षिणा घातलीत की काय?"

"सकाळी चालेन," मास्तर म्हणाले.

सकाळी घर फार गप्प होतं. केवळ तो आवाज ऐकावा म्हणून ते मशीनवर बसले. रिकामं मशीन चालवू नये, दाते झिजतात, म्हणून सुईखाली अस्तराचं जुनं कापड सरकवलं. पाय हलू लागले. दुपार कधी कलली ते त्यांना समजलं नाही. संध्याकाळी लेकीचा आनंद फोनमध्ये मावेना.

"शाब्बास, अण्णा! पाच हजारांवर! असे पाय चालत राहिले ना, की मला घोर नाही."

मास्तरांनी खिशातल्या फोनकडे पाहिलं. मग पायाखालच्या लोखंडी पट्टीकडे. खोटं ते बोलले नाहीत. खरं होतं तेवढं गिळलं.

पुढं फोन मोज्यात गेला. तिथं माप नेमकं भरतं हे शिंप्याला कळायला वेळ लागत नाही. लेक डॉक्टरांना आकडे दाखवी, डॉक्टर मान डोलावत, आणि मास्तरांचं घर त्यांच्यापाशी राही. त्या घरात बुटकं स्टूल होतं, त्याच्या पायाला टांगलेली तिची चिंध्यांची पिशवी होती.

आणि एक दिवस लेक न कळवता दारात उभी राहिली.

"रजा काढलीय. चला, आज तुमच्याबरोबर मीपण येते. तुमचा रोजचा रस्ता दाखवा."

मास्तर बराच वेळ चपला शोधत राहिले. चपला पायाशीच होत्या.

"तू पुढं हो," बाहेर पडल्यावर ते म्हणाले. "मी मागून येतो."

"तुम्ही आणि मागं? आई तर म्हणायची, ह्यांची पाठ तेवढी मी ओळखते."

"तू पुढं हो, पोरी. दिसत राहा."

कोपऱ्यावर बेकरीवाला पाव रचत होता. त्यानं हात जोडले. "अहो मास्तर! वहिनी गेल्यापासून आज दिसताय. मशीनचा आवाज येतो म्हणून म्हणायचं, माणूस आहे!"

लेक थांबली. तिनं मागं वळून पाहिलं. मास्तर तिच्याकडे पाहत नव्हते. ते रस्त्याच्या कडेकडे पाहत होते, आणि त्यांचा हात विजेच्या खांबाला धरून होता. ती परत आली, तिनं तो हात सोडवून आपल्या हातात घेतला आणि त्यांना घरी आणलं.

घरी तिनं मशीनवरचं अस्तर उचलून खिडकीशी धरलं. कापडभर भोकं, ओळीमागं ओळ, मास्तरांच्या हातची सरळ. प्रत्येक भोकातून उजेड येत होता.

"अण्णा, दोरा?"

"दोरा तुझी आई घालते."

ती खाली बसली. थोड्या वेळानं उठून तिनं रीळ शोधलं, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं. हुबेहूब आईसारखं. मास्तरांनी सुईवर तळहात ठेवला.

"नको."

"मला सांगायचं होतंत."

"नेलं असतंस."

"नेलंच असतं! तुमच्या काळजाला काही झालं असतं तर..."

मास्तरांनी मान हलवली. भांडायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. मशीन तिनं भंगारात दिलं नाही. ते भोकांचं कापड मशीनवर पांघरलं, स्टूल शेजारी सरकवलं आणि कुलूप लावलं.

आता मास्तर लेकीच्या घरी, चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसतात. खाली बाग आहे, फिरायला गोल रस्ता आहे. एका दुपारी कामावरून लेकीचा फोन आला. मागं माणसांचा गलका होता.

"अण्णा, आकडा वाढतोय. चालताय का?"

मास्तरांनी खाली पाहिलं. खुर्चीत बसल्या जागी त्यांचे पाय फरशीवर टाच-चवडा, टाच-चवडा करत होते. फोन मोज्यातून काढला तरी ते थांबले नव्हते.

"चालतोय."

मागचा गलका दूर गेला. ती उठून कुठंतरी बाजूला गेली असावी.

"कुठवर गेलात?" तिनं हळू विचारलं.

"घरापर्यंत."

तिनं फोन ठेवला नाही. मास्तर फोन कानाशी धरून बसले, आणि पाय चालत राहिले.